फळ्यावरचे छत्तीस

मित्रांनो, मी एक जुना डस्टर आहे. टेबलाच्या उरलेल्या लाकडातून सुताराने माझी पाठ घडवली, पोटाला लोकरी पट्ट्या चिकटवल्या आणि मी गणित विभागातल्या बाईंच्या फळ्याखाली आलो. चुकलेले दिसले की पुसायचे, एवढेच मला ठाऊक होते. बाई माझे कौतुक करायच्या, तेव्हा मी फुशारून जायचो. शिंका मात्र सगळ्यांना माझ्यामुळेच यायच्या.

बाईंच्या हाताखाली एक मुलगी संशोधन करायची. पेन्सिलींची टोके कुरतडायची, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. चार वर्षे खपून तिने प्रबंध लिहिला होता. तिने संख्यांचे एक वेगळेच जग मांडले होते. तिथली कुठलीही संख्या गुणाकारात कशीही फोडत गेले तरी न फुटणारे तुकडे शेवटी तेच येणार, असे तिने गृहीत धरले होते. प्रबंध द्यायला आठवडा उरला असताना बाईंनी फळ्यावर लिहिले, ३६.

"समज, जगात फक्त सम संख्या आहेत. आता हे फोड बघू."

"सहा गुणिले सहा. सहा पुढे फुटत नाही, कारण तीन विषम आहे."

"आणि दोन गुणिले अठरा?"

खारूताईने अठरा फोडून पाहिले. नऊ विषम, तीनही विषम. अठरा फुटेना! एकाच छत्तीसचे तुकडे दोन तऱ्हांचे निघाले.

"तुझ्या जगातही असंच होतंय गं," बाई हळूच म्हणाल्या.

"बाई, माझी चार वर्षं पाण्यात गेली!" तिने रडतच मला उचलले. मी सवयीने तयारच होतो. बाईंनी तिचा हात धरला.

"पुसू नकोस. तऱ्हा एकच नाही ना? मग किती निघतात ते शोध."

छत्तीसचा तो आकडा वर्षभर फळ्यावर राहिला. मला तिकडे फिरकायची बंदी होती आणि त्याचा मला फार राग यायचा. खारूताई मात्र रोज त्याच्यासमोर बसे. शेवटी त्याच प्रश्नावर तिचा नवा प्रबंध उभा राहिला, आणि माझा राग पळाला.

पुढे फळा गेला, पांढरा बोर्ड आला. मी कपाटावर धूळ खात पडलो. धूळ खाणे हा माझा धंदाच, तरी वाईट वाटलेच.

काल मला कोणीतरी खाली काढले. खारूताई! आता तीच इथली बाई झाली आहे. समोर तिची विद्यार्थिनी चुकलेल्या गणितापुढे रडवेली उभी होती. खारूताई मला झटकून शिंकली आणि तिने मला त्या मुलीच्या हातात ठेवले.

"जप हं याला. आणि उद्यापर्यंत काहीच पुसू नकोस."

मित्रांनो, मला झटका, कोरडे ठेवा, जपा. फक्त चूक दिसली की लगेच मला उचलू नका.