चौथ्या प्रयत्नाचा एक यार्ड

टॉलिव्हर कॉलेजच्या फुटबॉल संघाला 'खेचरं' म्हणतात, आणि आमची खेचरं खरोखरच हलत नाहीत. हा आमचा अमेरिकन फुटबॉल: चार प्रयत्नांत चेंडू हातात घेऊन दहा यार्ड पुढं न्यायचा, एवढंच तर काम. तेही झेपत नाही. नोव्हेंबरात प्रुइट टेकशी सामना होता. टेक म्हणजे आमचे जन्माचे वैरी. चौथ्या प्रयत्नाला फक्त एक यार्ड हवा होता. एक यार्ड म्हणजे किती हो? माझं जेवणाचं टेबल त्याहून लांब आहे. आणि आमच्या कोच स्टॅनफिलनी काय करावं? घुसायचं सोडून सरळ लाथ मारायला लावली आणि चेंडू टेकवाल्यांच्या हवाली केला. मी पावसात उभी राहून घसा फाटेस्तोवर ओरडत होते, "पळा रे, घुसा रे!" माझं कोण ऐकतंय.

मी लोरीन टकेट. आमच्या गावात शाळेची बस चालवते. लग्नाआधीपासून त्या स्टेडियममध्ये माझी एकच जागा आहे आणि ती मी कधी सोडली नाही. हरले तरी जाते, किंबहुना हरतात म्हणूनच जाते. जिंकणाऱ्यांच्या मागं काय, कुणीही उभं राहतं.

पण यंदा माझा संताप वेगळा होता, कारण आता प्रश्न माझ्या पोराचा होता. माझा कोल्बी शाळेच्या संघात पुढच्या फळीत खेळतो. चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट करून द्यायची, समोरचा कितीही आडदांड असला तरी त्याला मागं रेटायचं, हे त्याचं काम. त्याचं नाव पेपरात येत नाही, पण ज्यांना कळतं त्यांना कळतं. टेकच्या कोचला कळलं. तो गेल्या वर्षापासून येत होता, कोल्बीच्या सामन्यांना थंडीत कुडकुडत बसत होता. आणि आमचे स्टॅनफिल? कॉलेज आमच्या घरापासून इतकं जवळ की त्यांच्या बँडचा ढोल अंगणात ऐकू येतो. पण साहेब पोरं शोधायला विमानानं कॅलिफोर्नियाला जायचे. ती पोरं वर्षभर राहायची, कंटाळायची आणि दुसऱ्या कॉलेजात निघून जायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मग डिसेंबरात, कुठल्या कॉलेजकडून खेळणार त्याच्या कागदांवर पोरं सह्या करतात तो सह्यांचा दिवस आठवड्यावर आला तेव्हा, स्टॅनफिलसाहेबांचा निरोप आला की घरी भेटायला येतो. वरातीमागून घोडं. माझा नवरा हॉयट म्हणाला, येऊ दे, पण तू तोंड आवर. मी म्हटलं आवरते.

आमच्याकडं कोच घरी आला की त्याला जेवू घालायचं असतं, मग तो आवडो न आवडो. मी गोमांस मंद आचेवर शिजवलं, मक्याची पोळी केली, केळ्याचं पुडिंग केलं. हॉयटनं डोळे मिटून देवाचे आभार मानले. कोचनी माझ्या हाताची तारीफ केली, कॉलेजच्या नव्या व्यायामशाळेची तारीफ केली, कोल्बीच्या अभ्यासाचं विचारलं. माणूस मऊ बोलणारा, थकलेला दिसत होता. मला थोडी कीव आली आणि त्या कीवेचाच राग आला.

पुडिंग वाढता वाढता मी विचारलंच. "कोच, टेकच्या सामन्यात एक यार्ड हवा होता. लाथ का मारलीत?"

टेबलाखालून हॉयटचा बूट माझ्या नडगीवर बसला. कोचनी चमचा खाली ठेवला.

"खरं सांगू, मिसेस टकेट? त्या एका यार्डासाठी समोरच्याला मागं रेटतील अशी माणसं माझ्याकडं नाहीत."

"नाहीत, कारण तुम्ही बघितलीच नाहीत. हे बघा, एक इथं बसलंय. दोन वर्षं इथंच बसलंय."

कोच मान खाली घालून म्हणाले, "हो. चुकलं माझं." मग कोल्बीकडं बघून म्हणाले, "टेकसारखं जिंकायचं वचन मी देऊ शकत नाही, बाळा. पण गरज आहे तुझी." कोल्बीनं पुडिंग दुसऱ्यांदा घेतलं.

त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या माणसाला स्वतःच्या पोरांवर एका यार्डाचा भरवसा नाही, त्याच्या हाती मी माझं पोर द्यायचं? चार वर्षं हरायला? सकाळी बस काढण्याआधी मी कोल्बीला गाठलं आणि जन्मात कधी म्हणेन असं वाटलं नव्हतं ते म्हणाले. "टेकला जा. तिथं तुझं सोनं होईल. माझ्या वेडापायी स्वतःचं वाटोळं करून घेऊ नकोस." तो आमच्याकडच्या पोरांच्या रीतीप्रमाणं आईला "हो मॅम" म्हणाला आणि दप्तर घेऊन गेला.

सह्यांच्या दिवशी शाळेच्या जिममध्ये टेबल मांडलं होतं. टेबलावर दोन टोप्या होत्या, टेकची लाल आणि आमची हिरवी. पोरानं एक उचलून डोक्यावर घालायची, की ठरलं. अख्खा गाव जमला होता. टेकवाला गेदर, आमच्या गल्लीतला टायरवाला, मुद्दाम लाल जाकीट घालून आला होता. कोल्बीनं लाल टोपीकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ हिरवी उचलली. जिम नुसतं दणाणलं. त्या सगळ्या गर्दीत खेचरांची सर्वांत जुनी वेडी मी, आणि टाळी न वाजवणारीही मी एकटीच.

मी त्याला बाकांच्या मागं ओढला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? काय सांगितलं होतं मी?"

"टेकला माझ्यासारखे दहा आहेत, आई."

"असू देत. ते जिंकतात. हे तुला वाया घालवतील."

तो एवढा थोराड पोरगा, पण तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला. "तुझ्या मांडीवर होतो तेव्हापासून ऐकतोय. दर शनिवारी तू उभी राहून ओरडतेस, पळा रे, घुसा रे. मला वाटायचं तू मलाच सांगतेयस."

मी त्याची मान खाली ओढून मुका घेतला आणि भर शाळेत, माझ्या बसमधल्या पोरांसमोर रडले. लाज वाटली नाही. अजून वाटत नाही.

बाहेर पडताना गेदर आडवा आला. चेहऱ्यावर भारी सहानुभूती आणून म्हणाला, "लोरीन, चांगलं पोर वाया घालवलंत हो."

पाच मिनिटांपूर्वी मीही तेच म्हणाले होते, जवळजवळ त्याच शब्दांत. पण मी त्याची आई आहे.

"गेदर," मी म्हटलं, "तुमच्या पुढच्या फळीतल्या पोरांना आतापासून दूध-अंडी चारा. पुढच्या वर्षी नाही तर त्याच्या पुढच्या वर्षी, पण माझा पोरगा त्यांच्या समोर उभा राहणार आहे."