पाळण्याच्या खोलीतली सही

चौदा वर्षं मी या शाळेत सेविका आहे. घंटा, पाणी, झाडलोट आणि गेल्या दिवाळीपासून पाळणा. रत्नमाला मॅडमनी वाचनालयाशेजारची खोली रिकामी करून तिथं पाळणा टांगला, तेव्हा मी करमाड गावभर त्यांचं कौतुक सांगत फिरले. मुख्याध्यापिका असावी तर अशी!

अकरावीनंतर लगेच लग्न लावून दिलेली तनुजा अंगावर पिणारं लेकरू घेऊन बारावीला परत आली, ती या पाळण्याच्या भरवशावर. सासूनं बजावलं होतं, लेकरू उपाशी राहिलं की शाळा बंद. बाळ वाटी-चमच्याला तोंड लावत नव्हतं. मधल्या सुट्टीत तनुजा पळत यायची, पाजायची, पुन्हा वर्गात. परीक्षेचं केंद्रही आमच्याच शाळेत असतं. त्यामुळे ही पोरगी बारावी होणार, असं मी धरूनच चालले होते.

हॉल तिकिटं वाटली त्या दिवशी ती रडवेली होऊन आली.

"मावशी, माझं सेंटर पार शहरात, औरंगपुऱ्यात आलंय. वर खाजगी विद्यार्थी लिवलंय. शाळेतून नाव काढलं का माझं?"

बाळाला कडेवर घेऊन मी तिच्यासोबत थेट ऑफिसात गेले.

मॅडम शांत होत्या. "तुला पटावर ठेवलं असतं, तर लग्नाच्या वयाची चौकशी शाळेवर आली असती. म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरला. परीक्षा देतेच आहेस ना?"

सतरा नंबर म्हणजे शाळा सोडलेल्यांनी बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म.

"मी कवा भरला?" तनुजानं विचारलं.

"सही तुझीच आहे. मालनबाई होत्या समोर. विचार त्यांना."

होते मी. बाळ दूध पीत होतं, तनुजाचा एकच हात मोकळा होता. कागदाखाली वही मीच धरली होती.

"मॅडम, पाळण्याच्या खोलीचा कागद म्हणून दिला होता तुम्ही मला!"

"वाचून घ्यायचा होता, मालनबाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चौदा वर्षं या बाईला देव मानलं, आणि हिनं मलाच साक्षीदार करून ठेवलं!

बाहेर व्हरांड्यात येऊन मी तनुजाला म्हटलं, "मी येते औरंगपुऱ्याला. गेटापाशी लेकरू घेऊन बसते."

"तीन तास मधी सोडत नाहीत, मावशी. अन् सासूबाई तर घरातूनच निघू देणार नाहीत." तिनं हात पुढं केले. "द्या त्याला."

बाळानं माझा पदर मुठीत धरला होता. तिनं तो सोडवला आणि बाळाला छातीशी घेतलं.

"त्या दिवशी मी वाचू का म्हणलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

खरं होतं. आणि मी तिच्यावर खेकसले होते, "मॅडमचा कागद वाचून बघतीस व्हय? कर गुमान सही!"