खुंटावरची टोपी

कड्यावरून खाली उतरणारा माणूस आधी आपली टोपी लोखंडी खुंटावर अडकवतो आणि मगच दोराला हात घालतो. खुंटावर टोपी दिसली की खाली माणूस आहे, त्या दोराला कुणी बोट लावायचं नाही. टोपी नसली की खाली कुणी नाही. सालगेइराच्या किनाऱ्यावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि टोपी न ठेवता कुणी उतरलाच, तर गावाने त्याचा एकच अर्थ ठरवून टाकलाय: त्याला परत वर यायचं नव्हतं.

झेफेरिनो मेला तेव्हा खुंटावर टोपी नव्हती. ती फिर्मिनोच्या खिशात होती.

दोघं जोडीदार. चाळीस उन्हाळे त्यांनी बुचाच्या जंगलात, एका झाडाला दोघं असं, कुऱ्हाडीने खोडांवरची साल, म्हणजे बूच, सोललं होतं. सोललेल्या लालभडक खोडावर वर्षाचा आकडा पांढऱ्या रंगाने काढायचं काम फिर्मिनोचं, कारण त्याचा हात थरथरत नसे. नऊ वर्षांनी दोघं पुन्हा त्याच झाडाशी उभे राहायचे आणि झेफेरिनो म्हणायचा, "बघ, झाडाला नवीन कातडी आली. आपलीच तेवढी जुनी राहिली, कोंपाद्रे." झेफेरिनोच्या मुलीचा बाप्तिस्मा फिर्मिनोच्या हातांवर झालेला, तो तिचा धर्मपिता, तेव्हापासून ते एकमेकांना कोंपाद्रे म्हणत. मुलगी आता फ्रान्सात घरं झाडते.

मग फिर्मिनोचे गुडघे गेले आणि जोडी मोडली. झेफेरिनो समुद्राकडे वळला. ओहोटीला कड्याखाली उतरायचं, लाट मागे गेली की खडकाला चिकटलेली नखांसारखी काळी कालवं पटाशीने खरवडायची, लाट आली की अंग चोरायचं. फिर्मिनोला कड्यावरून जाणाऱ्या पायवाटेच्या कचेरीने कामाला ठेवून घेतलं. ही वाट काही कुणी आखलेली नव्हती. मासे आणि कालवं आणायला जाणाऱ्यांच्या पायांनी ती झिजून झिजून पडली. कचेरीने तिला नुसतं नाव दिलं आणि बापाची असल्यासारखी नकाशावर छापली. आता दोन्ही हातांत काठ्या घेऊन जगभरचे लोक तिथे चालायला येतात. पोटासाठी नाही, नुसतं चालायला. फिर्मिनो त्यांच्यासाठी खांबांवर आणि दगडांवर दोन पट्टे रंगवतो, म्हणजे इकडून जा. फुली असेल तिकडे जाऊ नका. बुचाच्या आकड्यांचाच ब्रश, तोच हात.

या चालणाऱ्यांची एक चांगली सवय आहे. वाटेत कुणाचा हातमोजा, टोपी, रुमाल सापडला की ते तो उचलून पुढच्या खांबावर अडकवतात. ज्याचा असेल त्याला दिसावा म्हणून. चांगली माणसं. त्या चांगुलपणानेच घात केला.

कचेरीतला इंजिनियर तेल्मो. तीस वर्षांचा, स्वच्छ बूट. त्याने मार्चमध्ये हुकूम सोडला: कड्यावरचे सगळे दोर काढून टाका, चालणारे फोटो काढायला खाली उतरतात. फिर्मिनो म्हणाला, "दोर लोकांचे आहेत, साहेब." तेल्मो म्हणाला, "वाट आमची आहे, काका." विषय संपला.

त्या मंगळवारी सकाळी फिर्मिनो दोर काढायला वाटेने निघाला. पाइनचं रान ओलांडून तो कड्यावर आला, तर चौथ्या खांबावर तपकिरी टोपी लटकलेली. झेफेरिनोचीच. कडेला देओलिंदाने, म्हणजे त्याच्या बायकोने, हिरव्या दोऱ्याने घातलेले टाके फिर्मिनोने आंधळेपणीही ओळखले असते. 'पिऊन कुठे पाडलीन बेट्याने!' असं म्हणून त्याने ती खिशात घातली. संध्याकाळी गुत्त्यात सगळ्यांसमोर काढून त्याची फजिती करायची असं ठरवलं. स्वतःशीच हसलाही.

पुढे दीड मैल एकही खांब नव्हता, मग झेफेरिनोचा दोर होता. खुंट मोकळा. त्या जागी कडा आत वळलाय, वरून खालचं काही दिसत नाही, आणि समुद्र असा गर्जत होता की स्वतःचं खोकणं ऐकू येऊ नये. फिर्मिनोने दोर ओढून पाहिला. सैल होता. वर घेतला, हलका हलका आला. टोकाचा वावभर तुकडा ओला होता. तुषार उडाले असतील, असं त्याला वाटलं. त्याने गाठ कापली, दोराची नीट गुंडाळी केली आणि खांद्यावर टाकून तो पुढे गेला.

खाली झेफेरिनोने किती हाका मारल्या असतील, ते कोण सांगणार?

संध्याकाळी गुत्त्यात दोन चालणारे कोबीचं सूप पीत बसले होते, नवरा-बायको; गावचं अजून कुणी आलं नव्हतं. बाईने फिर्मिनोच्या खिशातून डोकावणारी टोपी पाहिली आणि खुलली. मोडक्यातोडक्या भाषेत, हातवारे करत म्हणाली, "तुमची का? बरं झालं! मागे एका लोखंडी गजावर होती, दोर होता तिथे. वारा नेईल म्हणून मी खांबावर लावली."

तेवढ्यात दारातून देओलिंदा विचारत होती, "आमच्या ह्यांना कुणी पाहिलं का?"

फिर्मिनो धावला. गुडघे नसलेला माणूस जसा धावेल तसा. भरती कड्याला टेकली होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाडीत झेफेरिनो सापडला.

फिर्मिनोने कचेरीत सगळं सांगितलं होतं; तिसऱ्या दिवशी तेल्मो कागद घेऊन त्याच्या घरी आला. दोर आदल्या आठवड्यातच काढला होता, मयत इसम दोराशिवाय आपल्या जबाबदारीवर खाली उतरला, असं त्यात होतं.

"हे खोटं आहे," फिर्मिनो म्हणाला.

"काका, ही सही तुम्हालाच वाचवते. मला काय, माझी बदली होईल. तुम्ही कुठे जाल? तुरुंगात रंगवाल पट्टे?"

फिर्मिनोने सही केली. हे लपवण्यात अर्थ नाही. चाळीस वर्षांच्या जोडीदाराच्या नावावर त्याने खोटी सही केली, आणि त्याचा हात तेव्हाही थरथरला नाही.

मग गावाने आपलं काम केलं. दोर नाही, टोपी नाही. बेकरीच्या रांगेत कुजबुज, विहिरीवर कुजबुज. "गेला हो, मनाने गेला." "बायकोशी पटत नव्हतं म्हणे." पाद्रीसुद्धा अंत्यविधीला नजर चुकवून भराभरा बोलला. गाव वाईट नव्हतं, पण दुसऱ्याचं दुःख चघळायला मिळालं की सगळ्यांना दात फुटतात.

अकराव्या दिवशी देओलिंदाने फिर्मिनोला हाक मारली. ती परसात उलट्या बादलीवर बसली होती, काळ्या कपड्यांत. पुढ्यात धुतलेली पटाशी.

"बस, कोंपाद्रे. एक विचारते, खरं सांग. त्याला तू ओळखत होतास, मी नुसतं जेवायला घातलं."

"असं काय बोलतेस."

"त्या सकाळी आमचं वाजलं. लाटा मोठ्या होत्या, मी म्हटलं जाऊ नको. तो म्हणाला, तुला काय कळतं समुद्रातलं. मग मी म्हटलं, जा, आणि तिकडेच राहा." तिने पटाशी बाजूला सारली. "तिकडेच राहा म्हटलं मी. आणि तो टोपी न ठेवता उतरला. सांग ना, माझ्या शब्दावर गेला का तो?"

फिर्मिनोच्या छातीवर खिशातली टोपी धोंड्यासारखी बसली होती. अकरा दिवस ती त्याने ना जाळली, ना पुरली. गप्प बसला तर बाई मरेपर्यंत स्वतःला खात राहील. बोलला तर गावात, कोर्टात, आरशात, कुठेही त्याला तोंड उरणार नव्हतं.

त्याने टोपी काढून तिच्या मांडीवर ठेवली.

"त्याने ठेवली होती," तो म्हणाला. "खुंटावरच ठेवली होती. चालणाऱ्या बाईने उचलून खांबावर लावली. मला तिथे मिळाली. मला वाटलं, पिऊन पाडलीन. खुंट मोकळा दिसला, मी दोर कापला. तो खाली होता, देओलिंदा. आणि कागदावर खोटी सही पण मीच केली."

तिने टोपी उचलली. हिरव्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. टोपी नाकाशी धरली. मग तिच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज निघाला.

"म्हणजे तो वर येणार होता."

"येणार होता."

"जेवायला येणार होता."

"हो."

मग ती रडली. अकरा दिवसांत गावाने तिला रडू दिलं नव्हतं, कारण मनाने गेलेल्यासाठी बायकोने रडलं की लोक वेगळंच बघतात. फिर्मिनो उभाच होता. तिच्या खांद्यावर ठेवायला त्याच्याकडे हात नव्हता. होता तो दोर कापलेला.

रडून झाल्यावर तिने रुमालाने नाही, टोपीनेच तोंड पुसलं आणि ती उठली.

"मला मार," फिर्मिनो म्हणाला. "शिव्या दे. काहीतरी कर."

"तुझं काय करायचं ते नंतर बघू. आयुष्यभर बघू. आधी चल."

"कुठे?"

"दारोदार. ज्या ज्या दारात त्याचं नाव चघळलं गेलं तिथे. मी टोपी दाखवीन, तू तोंडाने सांगशील. शेवटी त्या स्वच्छ बूटवाल्याच्या कचेरीत."

ती पुढे, तो मागे. पहिलं दार बेकरीवालीचं. "टोपी खुंटावरच होती," फिर्मिनो म्हणाला. "दोर मी कापला." बेकरीवालीच्या हातातला पाव तसाच राहिला. दुसऱ्या दारात म्हाताऱ्याने छातीवर क्रूस काढला. तिसऱ्या दारातला, बुचाच्या टोळीतला जुना सोबती, फिर्मिनोच्या पायाशी थुंकला. चौथ्याने दार लावून घेतलं, तर देओलिंदाने ते पुन्हा वाजवलं. पाठीवर बोजे घेतलेले चालणारे मधूनच हसून नमस्कार करत जात होते. वाट बरोबर आहे ना, असं एकाने विचारलं. फिर्मिनोने मान हलवली.

सातव्या दाराशी त्याचा आवाज बसला. देओलिंदाने घरातल्या बाईकडे पाण्याचा पेला मागितला आणि फिर्मिनोच्या हातात दिला. तो हात आता थरथरत होता, पाणी बाहीवर सांडत होतं.

"पी," ती म्हणाली. "अजून चौदा दारं आहेत."