भाऊंच्या कॅसेटमधला धवला

माझ्या लग्नाची कॅसेट मी अकरा वर्षांत फक्त पाच मिनिटं पाहिली होती आणि त्या पाच मिनिटांत मला चपलांशिवाय काही दिसलं नव्हतं.

राहनाळला आमच्या भातखाचरांवर पहिलं गोदाम उभं राहिलं, त्या वर्षी माझ्या सासऱ्यांनी कॅमेरा घेतला. त्यांना सगळा गाव भाऊ म्हणतो, आम्हीही. माझं आणि मनोजचं लग्न त्यांनी स्वतः शूट केलं. दुसऱ्या कुणाला कॅमेऱ्याला बोट लावू दिलं नाही. पूजा झाल्यावर सगळं घर टीव्हीपुढे बसलं, आणि काय दिसावं? चपला, मांडवातली माती, भाऊंचा गुडघा, परत चपला. भाऊंनी टीव्ही बंद केला, "कॅसेट फॉल्टी हाय" म्हणाले आणि तिन्ही कॅसेट कपाटात टाकून कुलूप लावलं. मी नवी सून, काय बोलणार? पण शालू नेसायला मला दीड तास लागला होता. तो राग मी नीट घडी घालून ठेवला होता.

यंदा, म्हणजे दोन हजार सहाच्या मे महिन्यात, माझ्या नणंदेचं, भाविकाचं लग्न ठरलं. हळदीला आठ दिवस उरले असताना पार्वती घरी आली, ती रडवेली होऊनच.

पार्वती ही धोंडूबाईंची सून, आणि धोंडूबाई आमच्या गावच्या धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीशिवाय पान हलत नाही. ती धवले गाते, म्हणजे प्रत्येक विधीचं गाणं, आणि तिनं गायल्याशिवाय तो विधी झाला असं कुणी मानत नाही. दिवाळीत धोंडूबाईंना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आता मान पार्वतीकडे आला होता. तिला सगळे धवले येत होते, एक सोडून. मांडवाच्या दारात उंबराची फांदी रोवतात, त्या वेळचा. तो सगळ्यांत लांब, त्यात गावचे देव आणि घराण्यातले पूर्वज ओळीने येतात, आणि तो फक्त धोंडूबाईंनाच पाठ होता.

"उंबर झाल्याशिवाय हळद लागत न्हाय," पार्वती म्हणाली. "दुसऱ्या गावची धवलारीण आणली ना, तर आय जितेपनी मरंल. मनाली, तुझे लग्नाचे कॅसेटीन तिचा आवाज हाय का बग ना."

"न्हाय," भाऊ ओटीवरूनच बोलले. "धवला अर्धा-अर्धा तास चालतं. कॅसेट वाया जाते. मी तवा कॅमेरा बंद केलता. मना पक्का आठवतंय."

पार्वती उठून गेली. मी वाकट्यांची डोकी उडवत बसले होते, आणि अचानक माझा हात थांबला. त्या कॅमेऱ्याला बटण एकच. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. समजा, पहिल्याच वेळी भाऊंचं गणित चुकलं, तर पुढचं सगळंच उलटं. चालू समजत होते तेव्हा बंद, आणि बंद करून गळ्यात लटकवला तेव्हा चालू. म्हणून तर चपला!

मी मासळीच्या हातानेच बाहेर आले. "भाऊ, धवल्याच्या वेळी कॅमेरा नक्की बंद केला होता तुम्ही?"

"केला म्हनतंय ना!"

"नक्की?"

"आगं, केला म्हंजे केला! लिवून देऊ काय?"

"मग धवला मिळाला," मी म्हटलं आणि पार्वतीला हाक मारायला पळाले. भाऊंना ते समजायला दुसऱ्या दिवसापर्यंत वेळ लागला. समजल्यावर ते जेवले नाहीत, कपाटाची किल्ली तेवढी माझ्यापुढे टाकली.

एमएस-सीआयटी मी पास झाले तेव्हा घरात सगळे हसले होते. आता तेच सगळे माझ्या खुर्चीमागे उभे होते. भाचा नारपोलीला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आहे, त्याच्याकडून कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायचं कार्ड आणून बसवून घेतलं. कापसाला स्पिरिट लावून कॅमेऱ्यातलं कॅसेट वाचणारं हेड पुसलं. लाल, पांढरी, पिवळी अशा तीन वायरी कॉम्प्युटरच्या पाठीत खोचल्या. कॅसेट घालायची आणि बसायचं. यात घाई चालत नाही. तासाची कॅसेट उतरायला तासच लागतो.

पहिली कॅसेट म्हणजे निव्वळ चपला. पण काय सांगू, इतकी मजा मला माझ्या खऱ्या लग्नात आली नव्हती. शेजारपाजारच्या बायका जमल्या आणि चपला ओळखायची शर्यतच लागली. आमच्या चुलतसासूबाई, आक्का, एकदम ओरडल्या, "थांबव, थांबव! ती माझी चप्पल! नवी होती! कोन घालतंय बग!" पडद्यावरच्या पायात जाड चांदीचे तोडे होते. तसे तोडे गावात ठकुबाईंचेच. ठकुबाई मागेच उभ्या होत्या. "अंधार होता गं," त्या म्हणाल्या आणि घरी निघाल्या. आक्का त्यांच्या मागोमाग.

दुसऱ्या कॅसेटमध्ये तो आवाज लागला. चित्रात मातीच, पण आवाज असा खणखणीत, की चपलांची शर्यत तिथेच संपली. पार्वतीने पदर तोंडाला लावला. मी तिथेच थांबवलं. धोंडूबाई आल्याशिवाय पुढे ऐकायचं नाही, असं माझ्या मनाने घेतलं.

त्यांना रिक्षातून आणलं, खुर्चीसकट आत उचललं. भाऊंनी स्वतः एक बाजू धरली होती. पार्वती वही उघडून शेजारी बसली. मी कॅसेट सुरू केली.

स्वतःचा आवाज ऐकून धोंडूबाई आधी दचकल्या. मग त्यांचा डावा हात हळूच पार्वतीच्या गुडघ्यावर आला आणि ठेका धरू लागला. देवांची नावं आली. पूर्वजांची आली. पार्वतीचं पेन धावत होतं. भाऊ दाराला टेकून ऐकत होते, आणि त्यांच्या वडिलांचं नाव आलं तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

आता फक्त शेवट उरला. उंबराला मांडव राखायला सांगतात, ती कडवी. तेवढ्यात कॉम्प्युटरमधून भाऊंचाच आवाज गरजला, "मेंबर आलं, मेंबर आलं! सरका, शूटिंग चालू करतंय!"

टक्. पडदा निळा. नंतर थेट जेवणाच्या पंगतीतल्या चपला.

मी भाऊंकडे पाहिलंच नाही, पाहिलं असतं तर तोंडातून काहीतरी गेलं असतं. अकरा वर्षांचा राग होताच, त्यात हा नवा. पार्वतीने पेन वहीत ठेवलं आणि वही मिटली.

"त्या मेंबरासाठी," भाऊ पुटपुटले. "दुसरे निवडणुकीला पडला बी तो."

आणि मग धोंडूबाई गायल्या.

दिवाळीपासून ज्या बाईला 'पाणी' म्हणता येत नव्हतं, ती बाई गायली. आवाज चिरका, तोंड एका बाजूला ओढलेलं, पण शब्द अख्खे. जिथे भाऊंनी तोडला होता, तिथूनच त्यांनी धवला उचलला. 'उंबराच्या देवा, मांडव राख रं,' आणि पुढची कडवी, एकामागून एक, न अडखळता. पार्वतीला लिहायचं भानच राहिलं नाही. ती सासूच्या तोंडाकडे बघत नुसते ओठ हलवत होती. मी रडत होते, आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही.

धवला संपला. धोंडूबाईंना काहीतरी सांगायचं होतं, पण नुसता घशातून आवाज आला. शब्द पुन्हा गेले होते. त्या हसल्या मात्र, अर्ध्या तोंडाने.

भाऊ पुढे आले. वायरी काढलेला कॅमेरा त्यांच्या हातात होता. "धोंडूबाय, परत एकदा म्हनाल? या टायमाला मी बरोबर दाबतंय. मनाली, तूच दाब."

"नको, भाऊ," पार्वती म्हणाली. "मना पाठ झाला."

आणि सासूचा हात आपल्या गुडघ्यावर तसाच ठेवून तिने तो पहिल्यापासून म्हणायला घेतला.