अर्धवट नांगी

टबातल्या कोळंबीने कवच टाकलं होतं. रिकामं कवच वाळूवर पडलं होतं, मिशांसकट अखंड, काचेसारखं. कोळंबी दगडाच्या फटीत मागे सरकून बसली होती. प्रगतीने तिला पेल्यात घेतलं, भिंगाखाली धरलं, आणि मग पुन्हा एकदा धरलं.

ही कोळंबी बोटाच्या पेराएवढी असते, खाण्याच्या उपयोगाची नाही. तिची एक नांगी लहान असते आणि दुसरी अंगाच्या मानाने अवाढव्य. मोठ्या नांगीच्या वरच्या बोटावर एक दट्ट्या असतो आणि खालच्या बोटात त्याला बसेल अशी खोबण. नांगी मिटली की दट्ट्या खोबणीत आपटतो, पाण्याची चिळकांडी उडते आणि फटाका फुटल्यासारखा आवाज होतो. धाकटी डहाणूच्या बायका तिला प्रगतीसमोर फटाकडी म्हणू लागल्या होत्या.

या कोळंब्यांच्या प्रजाती ओळखायच्या त्या मुख्यतः याच नांगीवरून. धाकटी डहाणूच्या खडकावरून प्रगतीने आणलेल्या प्रत्येक कोळंबीचा दट्ट्या म्हणजे नुसता उंचवटा होता, आणि खोबण जेमतेम खळगा. पायांच्या सांध्यांच्या प्रमाणातही थोडा फरक होता. असा नमुना तिला कुठल्याच वर्णनात सापडला नव्हता. डीएनएसाठी पाठवलेला तुकडा दोनदा खराब निघाला होता, तिसऱ्याचं उत्तर यायचं होतं. पण नांगी पुरेशी होती. नवी प्रजाती, जगात फक्त या एका खडकावर.

आता पेल्यातल्या कोळंबीच्या नांगीवर पूर्ण वाढलेला दट्ट्या होता. टोकदार, रुबाबदार. खोबण खोल. ही प्रजाती प्रगती झोपेतसुद्धा ओळखू शकली असती. ती साऱ्या किनाऱ्यावर आढळते.

मोठी नांगी तुटली की दुसऱ्या बाजूची लहान नांगीच वाढून मोठी होते. एका फटक्यात नाही, दोन-तीन कवचं टाकेपर्यंत. मधल्या काळात ती अर्धवट असते. हे प्रगती स्वतः कॉलेजात शिकवायची. पहिला नमुना हाती आला तेव्हा तिच्या मनात ही शंका आलीही होती. पण मग दुसरा तसाच निघाला, तिसरा तसाच. एखादीची नांगी तुटेल, सगळ्यांची एकदम कशी तुटेल?

पेला हातात धरूनच तिला उत्तर सुचलं. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला बायका त्या खडकावर कालवं काढायला उतरतात. लोखंडी सळीने दगड उचकटतात, शिंपा फोडतात. दगड हलला, फट आवळली, की आत अडकलेली कोळंबी नांगी तिथेच सोडून निसटते. सगळ्या एकाच वेळी. म्हणून पंधरवड्याने, पुढच्या ओहोटीला, सगळ्या एकाच टप्प्यावर. आणि प्रगती जायची तीही तशाच ओहोटीला, त्याच बायकांबरोबर, त्यांनी उचकटलेल्या दगडांखाली हात घालून.

तिने पेला खाली ठेवला. जनसुनावणी उद्या होती.

खाडीच्या तोंडाशी नवीन जेट्टीसाठी भराव टाकायचा होता, आणि त्याखाली तो खडक जाणार होता. कालवं काय, खाडीत दुसरीकडेही आहेत, असं प्रकल्पाच्या अहवालात लिहिलेलं होतं. मच्छीमारांच्या बाजूने काम बघणारा सरावलीचा तुषार वकील त्यामुळेच प्रगतीच्या मागे लागला होता. दुसरीकडे नाही असं काहीतरी पाहिजे ताई, त्याशिवाय ते ऐकणार नाहीत.

पेला ठेवल्यावर थोड्याच वेळात, सकाळीच, त्याचा फोन आला. "ताई, नाव ठरलं का? डहाणूच्या नावाने ठेवा. साहेबलोकांच्या घशात अडकलं पाहिजे."

"तुषार, मला आज पुन्हा खडकावर जायचंय."

"आज? आज तुम्ही आराम करा. उद्या तुम्हालाच बोलायचंय."

"एक खात्री करायची राहिली आहे."

"करा, करा," तो हसला. "तुम्हा सायन्सवाल्यांची खात्री कधी होतच नाही."

ओहोटी लागायला संध्याकाळ होणार होती. प्रगतीने दिवसभर बसून बाटल्यांतले नमुने पाहिले. स्पिरिटमधल्या कोळंब्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पायांच्या सांध्यांची मापं तिने पुन्हा घेतली. फरक होता, पण आता तो कुठल्याही दोन कोळंब्यांत असेल एवढाच वाटत होता. एवढाच होता का आधीपासून? एकच मार्ग उरला होता. ज्या दगडाला कधीच सळी लागली नाही, त्याखालची कोळंबी पाहायची. तिचाही दट्ट्या अर्धवट निघाला, तर प्रजाती खरी. टबातली एकटीच मग कुठून तरी वाहत आलेली, नांगी तुटलेली, वेगळी.

भारतीमावशी बंदरावर पाटी घेऊन उभीच होती. पन्नाशीची, काटक, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं. खडकावर पहिल्यांदा प्रगतीला तिनेच नेलं होतं.

"आली गं डोंगरातली मासळी," ती बाकीच्या बायकांना ओरडून म्हणाली. प्रगती तलासरीच्या पलीकडच्या पाड्यावरची, भातशेतीवाल्या घरातली, चिखलात अजून घसरायची. "काय मॅडम, उद्या भाषण आणि आज चिखल?"

"मावशी, ज्याला कधी सळी लावली नाही असा दगड आहे का कुठे?"

भारतीमावशीने तिच्याकडे नीट पाहिलं. "का?"

"बघायचंय."

"आईचा खडक आहे. पार टोकाला. नारळी पुनवेला नारळ ठेवतो तिथं. त्याला लोखंड लावत नाय कोणी."

"मला तिथे न्याल?"

"नेईन. पण हात घाल, लोखंड नाय."

दोघी टोकापर्यंत गेल्या. पाणी पार आत गेलं होतं. उघडा पडलेला सगळा खडक तडतडत होता, हजार ठिकाणी बारीक फटाके फुटावेत तसा. आईचा खडक बाकीच्यांहून काळा होता आणि तळहाताएवढ्या कालवांनी मढलेला. प्रगती गुडघ्यावर बसली, बाही वर केली आणि खालच्या फटीत हात घातला.

पहिल्या कोळंबीने बोटाला चटका दिला. प्रगतीने तिला मुठीत धरून वर काढलं, भिंग लावलं. पूर्ण दट्ट्या.

दुसरी. पूर्ण. फटीत त्या जोडीनेच राहतात, सोबतची मादी पोटाखाली हिरवट अंडी घेऊन होती. तिचाही पूर्ण. प्रगतीने त्यांना परत सोडलं आणि पुढच्या फटीत हात घातला. मग त्याच्या पुढच्या. कालवांच्या धारांनी मनगट कापलं, खारट पाणी झोंबू लागलं. प्रत्येक वेळी मूठ उघडताना ती मनात म्हणत होती, अर्धवट असू दे, हिची तरी अर्धवट असू दे. आयुष्यात कधी तिने मोजमाप घेण्याआधी मोजमापाकडे काही मागितलं नव्हतं.

आणि मग एक तशी निघाली. उंचवट्याएवढा दट्ट्या. जेमतेम खळगा. हुबेहूब बाटलीतल्यासारखी.

प्रगतीने श्वास सोडला. आईच्या खडकाखालची, लोखंड न लागलेली. एवढी एक पुरली असती. बाकीच्या कोणी पाहिल्या होत्या? तिने तिला पालथी केली. दुसऱ्या बाजूला, जिथे लहान नांगी असायला हवी होती, तिथे तांदळाच्या कणीएवढा मऊ कोंब होता. कुठल्या तरी माशाने, नाहीतर दुसऱ्या कोळंबीने, इथली मोठी नांगी अलीकडेच तोडली होती.

"मिळाली ना?" भारतीमावशी वाकून विचारत होती. "तुझं तोंड सांगतंय."

"नाही," प्रगती म्हणाली. "नाही मिळाली, मावशी."

तिने मूठ पाण्यात उघडली.

"ही फटाकडी वेगळी नाही. सगळ्या किनाऱ्यावर आहे. केरळपर्यंत."

"आणि ती नांगी? तूच म्हणालीस जगात कुठं नाय."

"तुमच्या सळीने तुटते. मग नवी येते. ती अर्धी आलेली असायची तेव्हा मी बघत होते."

भारतीमावशी मोठ्याने हसली. "म्हणजे तुझी नवी जात आम्हीच घडवली, म्हण की!"

प्रगतीला हसता आलं नाही. मावशीचंही हसू फार टिकलं नाही.

"उद्या हे सांगशील?"

"विचारलं तर सांगावं लागेल."

"विचारणारच. तुझ्या नावावर तर सगळं चाललंय. मग ते म्हणतील, बघा, या बायकाच खडक मोडतात, जनावरांचे हात तोडतात. भरावानं काय वेगळं होणार."

प्रगतीने हा विचार केला नव्हता. दिवसभर भिंग घेऊन बसूनही केला नव्हता.

"मी गेलेच नाही तर?"

"मग आमच्याकडं राहिलं काय?" मावशीच्या आवाजात राग नव्हता, त्यानेच प्रगतीला जास्त लागलं. "कालवं दुसरीकडं पण आहेत म्हणतात ना. आहेत. चिखलातली, बोटाएवढी. आणि तिथं दुसऱ्या गावच्या बायका आधीच बसल्यात."

तिने पाटी खाली ठेवली. पदर सावरून आईच्या खडकाला कपाळ टेकवलं, बराच वेळ. मग कमरेची सळी काढली.

"मावशी, नको."

"कोणासाठी ठेवू? दगड-मातीखाली आई काय कालवं खाणार?"

पहिला घाव बसला तेव्हा लांबच्या बायकांचा गलका एकदम थांबला. एक कालव सुटून आलं, जुनं, जड, थराथरांचं. भारतीमावशीने ते पाटीत टाकलं आणि दुसरा घाव घातला.

प्रगतीचा फोन वाजला. तुषार होता. मागे माणसांचे आवाज, कोणीतरी फलक रंगवत होतं.

"झाली खात्री?"

"झाली. ती नवी नाही, तुषार. माझी चूक झाली. माझं नाव काढून टाका."

तुषार गलक्यातून बाजूला झाला. "ताई, हे अजून कोणाला माहीत आहे?"

"मला."

"तुम्हाला सोडून?"

"भारतीमावशीला."

"ती बोलणार नाही. मग?" त्याचा आवाज बारीक झाला. "ताई, परवा सांगा. नंतर कागदोपत्री सुधारा, शास्त्रात होतं असं, तुम्हीच म्हणता. फक्त उद्याचा दिवस. हात जोडतो."

"मला माहीत आहे ना, तुषार."

"म्हणजे काय, ताई?"

तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तुषारने फोन ठेवला.

पाणी फिरलं होतं. खडकाच्या टोकाला फेस दिसू लागला. भारतीमावशी घाईने घाव घालत होती, आणि दर घावासरशी खालच्या फटींतली तडतड थांबत होती आणि थोडी दूर जाऊन पुन्हा सुरू होत होती. बाकीच्या बायका एकेक करून टोकाकडे येत होत्या, त्यांच्या हातात सळ्या होत्या.

"उभी काय राहिलीस," मावशी मान वर न करता म्हणाली. "पाटी धर. भरती यायच्या आत जेवढं निघेल तेवढं काढायचंय."

प्रगतीने भिंग खिशात घातलं आणि दोन्ही हातांनी पाटी धरली.