पश्चिमेचं स्वयंपाकघर

तिसऱ्यांदा चमचा ओठांपाशी आला, तसं गवंड्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. भात गार झाला होता. बायकोने चमचा वाटीत ठेवला आणि पदराने त्याच्या हनुवटीवरचं शीत टिपलं.

"दोनच घास. माझ्यासाठी."

त्याने डोळे मिटून घेतले. इमारतीच्या परांचीवरून पडल्याला दीड महिना झाला होता. कमरेखालचं अंग आता हलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्याची वाचाच बसली. परवापासून अन्नही बंद. सकाळी एकदाच तोंड उघडलं, तेही थापी आणि ओळंबा जोडीदाराला देऊन टाक म्हणायला. तिने हत्यारांची थैली खाटेखाली सरकवली आणि दिली म्हणून ठोकून दिलं.

हा माणूस कधी गप्प बसेल असं कुणी म्हटलं असतं, तर ती पोट धरून हसली असती. दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती चढवून तो घरी यायचा आणि भाड्याच्या एका खोलीत जेवायला बसला की पाण्याच्या बोटाने ताटाशेजारी स्वतःचं घर आखायचा. वीस वर्षं हेच. मोठ्या खिडक्या, मागे पडवी, दारात तीन पायऱ्या.

"झाला का हवेतला इमला बांधून? आता जेवा," असं म्हणत ती फडक्याने अख्खं घर पुसून टाकायची. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हेही ऊठसूट सुनावायची. ती म्हण आता जन्मात तिच्या तोंडून निघणार नव्हती.

असंच चाललं तर हा आपल्या डोळ्यांदेखत संपणार, हे तिला दिसत होतं. रडून झालं, शपथा घालून झाल्या, भांडूनही झालं. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तिने भांड्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि खाटेलगतच्या स्टुलावर एक वेडावाकडा चौकोन काढला.

"हे आपलं घर," ती म्हणाली. "ही बसायची खोली. आणि इथे, पश्चिमेला, माझं स्वयंपाकघर."

तिने आणखी एक रेघ ओढली.

"पश्चिमेला?" आवाज घोगरा होता. "दुपारनंतर भाजून निघशील."

तिने वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडू फुटलं असतं.

"निघेन. मला पश्चिमच हवी."

"अक्कल गहाण टाकलीस का? वीस वर्षं पूर्वेला सांगतोय." त्याने मान वळवली. "आणि ही भिंत निघालीये कुठे?"

"मग तुम्ही काढा."

तिने भांडं त्याच्या हाताशी सरकवलं आणि चमचा भरला. चौकोन सरळ करता करता त्याने तोंडाशी आलेला घास घेतला. त्याला कळलंही नाही. मग दुसरा. खिडक्या जागच्या जागी आल्या, मागे पडवी आली.

दारापाशी येऊन बोट थांबलं. तिथे नेहमी तीन आडव्या रेघा यायच्या. तिच्या हातातला चमचाही थांबला.

त्याने पुन्हा बोट बुडवलं आणि उंबऱ्यापासून स्टुलाच्या कडेपर्यंत एकच लांब रेघ ओढली.

"पायऱ्या नकोत," तो म्हणाला. "उतार ठेवू."

फडकं तिच्या हाताशीच होतं. तिने ते खाटेखाली, थैलीशेजारी सारून दिलं.