आखूड झबलं

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायाने चालणारी, काळी, पोटावरची सोनेरी वेलबुट्टी पुसट झालेली. मित्रांनो, माझ्यासारख्या म्हातारीने खरं तर आपण शिवलेल्या कपड्यांचं कौतुक सांगावं आणि गप्प बसावं. पण माझ्या जिवाला चैन नाही. माझ्या फळीवर बसून एक पुस्तक लिहिलं गेलं आणि ते सध्या गाजतंय. त्या पुस्तकाचं नाव कुणी काढलं की मला मान वर करवत नाही. तशी माझी मान फळीखाली दुमडूनच ठेवलेली असते म्हणा.

माझं डोकं लुधियानाच्या कारखान्यात ओतलं गेलं आणि पाय हैदराबादेत, अफझलगंजच्या एका दुकानात जोडले गेले. तिथून दौलतरावांनी मला हातगाडीवर घालून नारायणगुड्याच्या आपल्या दोन खोल्यांत आणलं. दौलतराव मूळचे परभणीचे. इथे एका सरकारी कचेरीत शिपाई म्हणून लागले होते. त्यांची नवी नवरी भागूबाई दारातच उभी होती. तिने भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडले, मला पदराने पुसलं आणि म्हणाली, "आता बघ माय, कशी पळवते तुला."

आणि पळवलं तिने! शाळेचे गणवेश, ब्लाउज, उशांचे अभ्रे, काय काय शिवलं आम्ही. कोठीच्या मराठी वाचनालयाच्या सभागृहाचा निळा पडदासुद्धा माझ्याच सुईखालून गेला. शिवून झाल्यावर भागूबाई तो दारात देऊन आली. आत काय चालतं, ते बघायचं तिला कधी सुचलं नाही. लहान मुलांचे कपडे शिवताना तिची एक पद्धत होती. आतल्या बाजूला ती बोटभर माया ठेवायची, म्हणजे जास्तीचं कापड दुमडून ठेवायची. पोर वाढलं की टाके उसवायचे आणि तोच कपडा लांब करायचा. मला तिच्या या हिशेबीपणाचा अभिमान वाटायचा.

त्यांची लेक सुमेधा तेव्हा रांगत माझ्या पायडलवर येऊन बसायची. ती शाळेत जायला लागली आणि भागूबाईला पुन्हा दिवस गेले. परभणीत दौलतरावांचे थोरले भाऊ होते आणि त्यांची बायको पद्मावती. त्यांना मूलबाळ नव्हतं. थोरल्या भावाने शब्द टाकला, दौलतरावांनी तो झेलला. मुलगा झाला तर तो परभणीला द्यायचा. भागूबाईला कुणी विचारलं नाही आणि तीही नाही म्हणाली नाही. ती फक्त झबली शिवत राहिली. मऊ मलमलची, पिवळी, पांढरी, आणि प्रत्येकात भरपूर माया. मित्रांनो, तिचे डोळे पुसायला तिचा एक हात अधूनमधून माझ्या चाकावरून उठायचा. मी मात्र चालतच राहायचे. थांबले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. पण मशीनचा धर्म चालण्याचा.

मुलगा झाला. अंगावरचं दूध सुटायच्या आत तो परभणीला गेला. पुढचे काही महिने भागूबाई माझ्यावर बसायची, पण तिचे टाके वाकडे पडायचे. एके दिवशी ती एकटीच रेल्वेत बसली आणि परभणीला गेली. परतली ती कडेवर बाळ घेऊन. बाळाच्या अंगात तेच पिवळं झबलं होतं. ते पार बेंबीच्या वर गेलं होतं आणि दंडाला काचत होतं. भागूबाईने त्याला माझ्या फळीवर निजवलं, झबलं काढलं आणि माझ्या खणात टाकलं. ते बाळ म्हणजे आदर्श. त्यानंतर परभणीचं दार बंद झालं. आदर्शला मोठेपणी सांगितलं गेलं की शेताच्या वाटणीवरून भाऊ-भाऊ फुटले.

पुढची वर्षं भराभर गेली. तयार गणवेशांनी माझं काम खाल्लं. भागूबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन झालं, पण सुईचं नेढं काही तिला पुन्हा दिसलं नाही. दौलतराव गेले. परभणीचे थोरलेही गेले. माझा पट्टा काढून खणात ठेवला गेला, त्या झबल्याशेजारी. मी नुसतं टेबल झाले. माझ्यावर औषधं, गॅसचं पुस्तक, कधी कणकेचा डबासुद्धा. ज्या मशीनने सभागृहाचा पडदा शिवला, तिच्यावर कणकेचा डबा!

मग सुमेधाने मला वाचवलं. ती बँकेत नोकरी करायची आणि घरी आली की माझ्या फळीवर लिहायची. मराठी शाळेची शेवटची बॅच तिची. त्या शाळेत पुढे मुलंच उरली नाहीत. आदर्श इंग्रजी शाळेत गेला. त्याला मराठी बोलता येतं, पण छापील मराठी तो बोट ठेवून वाचतो, आणि पहिल्याच जोडाक्षरापाशी पुस्तक मिटतो. भागूबाईला तर सहीपुरतीच अक्षरं येतात. त्यामुळे सुमेधा घरात लिहायची, ते घरात कुणी वाचत नव्हतं. लिहिताना अडली की ती माझं पायडल हलवायची. पट्टा नसलेलं रिकामं पायडल. खटखट ऐकू आलं की मी समजायचे, वाक्य सापडत नाही. तिच्या कथा मासिकांत आल्या, मग दिवाळी अंकांत, मग कथासंग्रह निघाला. पुण्याहून मुलाखत घ्यायला आलेल्या बाईंनी माझाही फोटो काढला. मी किती फुगले होते म्हणून सांगू!

एका दुपारी भागूबाई माझ्या खणात बटण शोधत होती. तिच्या हाताला ते झबलं लागलं. सुमेधाने विचारलं, आणि भागूबाईने सगळं सांगितलं. "पद्मावती घरात नव्हती. शेजारणीपाशी लेकरू ठेवून कुठं गेली होती कुणाला ठावं. झबलं काचून दंडावर वळ उठलेला. आत माया होती गं, उसवायचं तरी होतं तिनं. माझं डोकंच फिरलं. उचललं न् आणलं." मग ती म्हणाली, "लेकरू दिलं ती एक चूक. न विचारता आणलं ती दुसरी. आदर्शला सांगू नको. हे तुझ्या-माझ्यात राहू दे."

सुमेधा "हौ" म्हणाली. आणि त्याच आठवड्यात तिने माझ्या फळीवर पहिलं पान लिहिलं.

मी कुरकुरले, खरंच कुरकुरले. पण मला तेलच नव्हतं, त्यामुळे माझं कुरकुरणं कुणी मनावर घेतलं नाही. सुमेधा वाईट मुलगी नाही, मित्रांनो. तिने नावं बदलली. परभणीचं जालना केलं. आपल्याच मनाची समजूत घालत ती पुटपुटायची, "घरात वाचणार कोण आहे? आईला येत नाही, आदर्शला येत नाही." तिला हे खरंच पुरेसं वाटत होतं. आणि मीही, कादंबरीत आपण आहोत म्हणून, मनातल्या मनात सुखावत होते. माझ्या अंगावरच्या गंजाहून मला त्या सुखाची लाज जास्त वाटते.

'आखूड झबलं' छापून आली आणि वाचकांनी डोक्यावर घेतली. पत्रं आली, फोन आले. बाळाला आखूड झबल्यात काचत ठेवणाऱ्या त्या काकूवर सगळे चिडले होते. पुण्यात चर्चा ठरली, नांदेडला परिसंवाद, तेलुगू भाषांतराचं बोलणं सुरू झालं. पुढच्या कादंबरीचं नावही सुमेधाच्या मनात तयार होतं. आणि या सगळ्याच्या आधी हैदराबादचा कार्यक्रम, कोठीच्या त्याच सभागृहात.

वाचनालयाचे कार्यवाह योगेशराव पत्रिका घेऊन स्वतः घरी आले. त्यांच्या चार पिढ्या हैदराबादेत गेल्या आहेत. "सुमेधाताई, भाषणं नक्कोच. अभिवाचन ठेवलंय. आपल्या गावात मराठी वाचणारे किती उरले? ऐकणारे मात्र भरपूर हैत! झबल्याचं प्रकरण तुम्ही स्वतः वाचा. अन् त्याचं रेकॉर्डिंग करून फोनवर ऐकायलाही देऊ."

सुमेधाच्या हातातला चहा माझ्या फळीवर सांडला. वाचता न येणारी माणसं ऐकू शकतात, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. बाजूला आदर्श होता, खुशीत. "ताई, मी अन् मेघना पुढच्या लायनीत. ऑफिसचे दोस्त पण येतेत. आईला स्टेजवर बसवायचं. पहली बार तुझं पुस्तक मला पूरा समजेल!" मेघना त्याची बायको.

योगेशराव गेल्यावर सुमेधा माझं पायडल हलवत बसली. खटखट, खटखट. दुसरं प्रकरण वाचलं तर? पण मग ते रेकॉर्डिंग, आणि आज नाही तर उद्या कुणीतरी आदर्शला सांगणारच. शेवटी ती उठली आणि भाजी निवडत बसलेल्या आईसमोर जाऊन बसली. तिने सगळं सांगितलं. भागूबाईने निवडलेली मेथी पुन्हा न निवडलेल्या मेथीत टाकली. मग फक्त म्हणाली, "बोलव त्याला."

आदर्श आला. भागूबाईने माझा खण ओढला, झबलं काढून त्याच्या हातात दिलं आणि सांगायला लागली. तिने काही लपवलं नाही, स्वतःची बाजूही घेतली नाही. आदर्शने ते झबलं आपल्या रुंद छातीवर धरून पाहिलं. मग तो सुमेधाकडे वळला आणि म्हणाला, "पहले मेरेकू बोलना था ना, ताई. पुस्तकाला आधी सांगितलंस. मला नंतर."

झबलं खिशात घालून तो निघून गेला. सुमेधा त्याच्यामागे दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

रविवार उजाडला. कार्यक्रम रद्द करता आला नाही. लोक लांबून येणार होते. सुमेधा एकटीच गेली. भागूबाई गेली नाही. आपण शिवलेल्या पडद्यासमोर बसायची आयुष्यातली पहिली संधी तिने सोडली. ती माझ्याजवळ बसून राहिली. माझं चाक हाताने मागेपुढे करत होती. संध्याकाळी सुमेधा परतली. खांद्यावर सत्काराची शाल, हातात नारळ. तिने ते प्रकरण वाचलं नव्हतं, दुसरंच काहीतरी वाचलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. तिने शाल काढली आणि कुठे ठेवावी ते न कळून माझ्यावर ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. आदर्श होता. "आई, मी परभणीला आहे. काकूपाशी. स्पीकरवर टाक, ती बोलतेय."

पलीकडून म्हाताऱ्या बाईचा बारीक आवाज आला. "भागू, किती वर्षांनी गं. पोरगं तुझ्यासारखंच दिसतंय." भागूबाईने फोन दोन्ही हातांनी धरला. पलीकडचा आवाज पुढे म्हणाला, "त्याने झबलं आणलंय. हे आखूड झालं होतं, दिसत होतं मला. पण तुझ्या हातचे टाके होते ना, उसवायला हातच धजेना. त्या दिवशी नवीन झबल्यांना कापड आणायला गेले होते गं मी बाजारात. आले तर पाळणा रिकामा."

मग पद्मावतीबाईंनी भीतभीत विचारलं, "आदर्श म्हणतो, पुस्तकात मी पण आहे. काय लिहिलंय गं पोरी माझ्याबद्दल?"

सुमेधा मटकन खाली बसली, माझ्या पायडलवर. लहानपणी बसायची तशीच. तिने पदराने तोंड झाकलं आणि रडली. भागूबाईही रडली. माझ्या फळीवर पुस्तकाच्या प्रतींचा गठ्ठा पडला होता आणि प्रत्येक प्रतीत एक निष्ठुर काकू होती. बरोबर तिथेच, जिथे मी वर्षानुवर्षं सरळ टाके घातले. डोळे पुसून सुमेधा फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "चुकीचं लिहिलंय काकू. मी येते. समोर बसून वाचून दाखवते. मग तुम्ही म्हणाल ते करीन."

"ये," पलीकडून उत्तर आलं. "आईला घेऊन ये."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारखी जुनी मशीन घरात असेल तर तिला अधूनमधून तेल घाला, आणि तिच्यावर कणकेचे डबे ठेवू नका. तिच्या फळीवर बसून कुणाची गोष्ट लिहिणार असाल, तर आधी त्या माणसाच्या दारात जाऊन या. तो तुमच्या घरातला असला तरी जा. त्याला वाचता येत नसलं तरी जा. कपडा चुकला तर उसवता येतो. छापलेलं मला उसवता येत नाही, कितीही प्रयत्न केला तरी.

सुमेधाने प्रकाशकांना कळवलंय की पुढच्या आवृत्तीत ते प्रकरण बदलायचं. नांदेडचा परिसंवाद तिने पुढे ढकललाय. तिचा पुढचा कार्यक्रम परभणीत आहे, एका घराच्या ओसरीवर, आणि त्याला श्रोता एकच आहे.

काल भागूबाईने माझं डोकं वर काढलं. सुमेधाने तेल घातलं, पट्टा चढवला, सुईत दोरा ओवून दिला. भागूबाईला पद्मावतीसाठी ब्लाउज शिवायचाय. हाताने चाचपत शिवेन म्हणते. कापड आणून ठेवलंय, धुऊन, इस्त्री करून. मी कुरकुरत का होईना, पण चालतेय. माप मात्र कुणाकडे नाही. ते घ्यायला दोघींना परभणीलाच जावं लागेल.